पेटी कुणाची, किल्ली कुणाकडे?

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही करमाडला एक बैठक घेतली. जालना रस्त्यावरचे हे गाव तुमच्यापैकी अनेकींच्या माहितीचे आहे. जवळच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, इकडे रेल्वेचे रूळ, आणि आसपासच्या वस्त्यांवरून रोज कामाला जाणाऱ्या बाया. कुणी कंपनीत पॅकिंगला, कुणी दुसऱ्याच्या शेतात. बैठकीचा विषय होता बचत गटाचे कर्ज. पण बोलणे भलतीकडेच गेले.

काही महिन्यांपूर्वी वस्त्यांवर आरोग्याच्या पाहणीसाठी एक पथक येऊन गेले होते. पाळी, अंगावरून जाणे, बाळंतपणे, पडलेले आणि पाडलेले गर्भ, पिशवीचे ऑपरेशन असे सगळे विचारले. रक्तही घेतले. चाळिशीची एक बाई बराच वेळ गप्प बसली होती. ती म्हणाली, "ताई, ते म्हन्ले तुमचं नाव काढून टाकू. पण वय लिहिलं, लेकरं किती ते लिहिलं, नवरा वारला ते लिहिलं, पिशवी काढली ते साल लिहिलं, वस्तीचं नाव लिहिलं. आता वस्तीवर अशी मी सोडून दुसरी कोन हाये?"

तिच्या शेजारच्या मावशींनी विचारले, "आन् ते रक्त कुठं गेलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पाहणी करणारी माणसे वाईट होती असे कुणीच म्हणत नव्हते. ती गोड बोलली, गोळ्या देऊन गेली. पण आपल्या शरीराची माहिती गावाबाहेर गेली, ती कोणत्या कपाटात आहे, ते कपाट कोण उघडतो, पुढे ती कुणाकुणाला वाटली जाते, हे त्या बाईला कळण्याचा काही मार्ग नव्हता. या अंकाचे संपादकीय त्या दोन प्रश्नांवर लिहिले आहे. त्यासाठी ब्लॉकचेनसारख्या शब्दांशी थोडी झटापट करावी लागली. तुम्हालाही करावी लागेल. शब्द दिसतात तेवढे अवघड नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. "माहितीच देऊ नका" असे आम्ही म्हणणार नाही. बायांच्या दुखण्याची मोजणी होत नव्हती तेव्हा ती दुखणी नाहीतच, असे धरले जात होते. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी करून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया केवळ ८ टक्के होत्या. बाई म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही आरोग्यखात्याची समजूत त्या आकड्यांनी हलवली. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात हे कार्यकर्त्या सांगत होत्या. पण २०१९ साली वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर शासनाने समिती नेमली, ८२,३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचे निघाले, तेव्हा कुणाला "अफवा आहे" म्हणता येईना.

शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्याचे उदाहरण तर जगभर गाजले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती चाचणी उपयोगी, हे पाहण्यासाठी तिथल्या १,३१,७४६ बायांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या ३४ हजारांवर बायांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी न केलेल्या ३१ हजारांवर बायांच्या गटात ६४. आज जगभर ही चाचणी सुचवली जाते, त्यामागे मराठवाड्याच्या या बाया आहेत. आणि ज्यांची चाचणी केली नाही, फक्त माहिती दिली, त्या गटाबद्दल नीतीचा वादही जगभर झाला. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासाच्या आहेत. शास्त्राला आपल्या शरीरांची गरज आहे आणि आपल्याला शास्त्राची. प्रश्न अटींचा आहे.

न मोजले जाण्याची किंमत करमाडला वेगळी सांगायला नको. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर इथल्याच रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेत विचारणा झाली, तेव्हा घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारीच ठेवलेली नाही, असे केंद्र सरकारने सांगितले. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही, आणि जबाबदारीही कुणावर नाही.

म्हणून मोजणी हवी. पण मोजलेले सांभाळले जाते का?

२०१६ च्या डिसेंबरात मुंबई परिसरातल्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे हजारो रुग्णांचे अहवाल इंटरनेटवर कुणालाही उघडता येतील असे पडलेले सापडले. त्यांत एचआयव्हीचे अहवाल नावासकट होते. २०२० साली एका जर्मन कंपनीने दाखवून दिले की भारतातल्या रुग्णांच्या एक्स-रे आणि स्कॅनच्या १२ कोटींवर प्रतिमा कुलपाविना उघड्या आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे सात कोटी, महाराष्ट्राचा. पुरुषाच्या छातीचा एक्स-रे उघडा पडला तर ती गैरसोय असेल. बाईचा गर्भपात, तिची एचआयव्हीची चाचणी, "मूल होत नाही ते कुणामुळे" याचा अहवाल उघडा पडला तर तिला घराबाहेर काढले जाते. हा फरक संगणक बनवणाऱ्यांना सांगण्याचे काम आपले आहे.

आणि नाव काढून टाकले की झाले, हे खरे नाही. करमाडच्या बाईने जे स्वतःच्या अकलेने ओळखले, ते अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधक बाईने १९९७ च्या सुमाराला सिद्ध केले. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारांची माहिती नावे काढून संशोधकांना दिली होती. स्वीनीने मतदारयादीशी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून राज्याच्या गव्हर्नरचीच नोंद शोधून काढली. शहरात तीन गोष्टी जुळवाव्या लागल्या. आपल्या वस्तीवर "विधवा, तीन लेकरं, पिशवी काढलेली" एवढे पुरते. मतदारयादीही लागत नाही. किराणा दुकानदारही सांगेल.

रक्ताचे काय होते, या मावशींच्या प्रश्नालाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली हवासुपाई ही छोटी आदिवासी जमात. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे तेच रक्त मानसिक आजार, जवळच्या नात्यांतले विवाह, जमात मुळात कुठून आली अशा विषयांवर वापरले गेले. हे त्यांना २००३ मध्ये कळले. त्या कोर्टात गेल्या. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. रक्त परत घेताना त्या लोकांनी प्रार्थना म्हटली. त्यांच्या लेखी ते नमुने नव्हते, त्यांची माणसे होती.

आता त्या नव्या शब्दांकडे वळू. सांगितले जाते की ब्लॉकचेन आणि गोपनीयतेची नवी तंत्रे आली, आता माहिती शास्त्रज्ञांत निर्धास्त वाटता येईल. यात खरे किती?

ब्लॉकचेन म्हणजे एक वही. आपल्या गटाचे इतिवृत्त आठवा. समजा, प्रत्येक पानाच्या शेवटी त्या पानाचा एक ठसा काढला, आणि पुढच्या पानाची सुरुवात त्या ठशाने केली. ठसा म्हणजे संगणकाने मजकुरावरून काढलेला आकड्या-अक्षरांचा छोटा तुकडा. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून मजकूर उलटा काढता येत नाही. मग मागच्या पानावर कुणी खाडाखोड केली तर पुढच्या सगळ्या पानांचे ठसे बिघडतात आणि चोरी उघडी पडते. शिवाय वहीची एक-एक प्रत गटातल्या प्रत्येकीकडे. एकीने आपली प्रत बदलली तरी बाकीच्यांच्या जुळतात. एवढीच ती साखळी.

कल्पना तशी जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी ती १९९१ साली मांडली, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीचा ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापून येऊ लागला. जगभर वाटल्या गेलेल्या वर्तमानपत्राच्या सगळ्या प्रती कोण बदलणार? २००८ नंतर याच साखळीवर बिटकॉइनचे आभासी चलन उभे राहिले. त्या चलनाशी आपल्याला कर्तव्य नाही. गावात कुणी "ब्लॉकचेनमध्ये पैसे दुप्पट करतो" म्हणत आले तर त्याला दाराबाहेरच ठेवा.

या वहीचा आपल्याला खरा उपयोग आहे. संमतीचा कागद मागाहून बदलता येऊ नये. "मधुमेहासाठी" असे लिहिलेले नंतर "कोणत्याही संशोधनासाठी" होऊ नये. अभ्यासाचे आकडे प्रायोजकाला आवडले नाहीत म्हणून गुपचूप फिरवले जाऊ नयेत. माझी नोंद कोणी, कधी, कशासाठी उघडली, ते पुसता न येणाऱ्या अक्षरात राहावे. एस्टोनिया या छोट्या देशात आपली आरोग्याची नोंद कुणी पाहिली हे नागरिकाला स्वतः तपासता येते, आणि त्या नोंदवहीत फेरफार होऊ नये म्हणून अशा ठशांचा आधार घेतलेला आहे. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही.

पण वहीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण विकणारे त्या सांगत नाहीत.

पहिली मर्यादा. खोटे लिहिले तर वही खोटेच जपते, तेही कायमचे. नवऱ्याने किंवा मुकादमाने बाईच्या नावाने "हो" म्हटले, तर ते "हो" अमर होते. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये सुमारे २४ हजार मुलींना एचपीव्हीची लस प्रयोग म्हणून दिली गेली. आंध्रातल्या वसतिगृहांत आईबापांऐवजी वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या सह्या ब्लॉकचेनवर असत्या तर काय फरक पडला असता? काहीच नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वहीतले पुसता येत नाही. आज "हो" म्हणणाऱ्या बाईला उद्या "नाही" म्हणण्याचा हक्क आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांतही संशोधनातून केव्हाही बाहेर पडण्याची मुभा आहे. तिचा आजारच वहीत लिहून टाकला तर तो हक्क मेला. म्हणून नियम एकच: आजार, नाव, रक्ताचा तपशील यांतले काहीही साखळीवर लिहायचे नाही. संमती दिली, संमती मागे घेतली, नोंद उघडली, एवढेच लिहायचे. मोबाईल क्रमांकाचा किंवा आधारचा नुसता ठसाही नको. क्रमांक दहा-बारा आकड्यांचे असतात. सगळे क्रमांक एकामागून एक करून पाहणे संगणकाला जड नाही.

महाराष्ट्रात ब्लॉकचेन आलेली आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे ६५ हजार दाखले बनावटगिरी रोखण्यासाठी साखळीला जोडल्याच्या बातम्या आल्या. ते समजण्यासारखे आहे. दाखला चारचौघांत दाखवण्यासाठीच असतो. आजाराचा कागद तसा नसतो. दाखल्यासाठी जे तंत्र बरे, ते जसेच्या तसे दवाखान्याला लावू म्हणणाऱ्यांना हा फरक विचारा.

मग आजार झाकून मोजणी कशी करायची? त्याची तंत्रे वेगळी आहेत, आणि त्यांतली दोन तर संगणकाशिवाय, सतरंजीवर बसून करता येतात. करमाडच्या पुढच्या बैठकीत आम्ही ती करून पाहिली.

पहिले नाणेफेकीचे. १९६५ साली स्टॅनली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने अडचणीच्या प्रश्नांसाठी नशिबाची मदत घेण्याची युक्ती मांडली. पुढे तिचे बरेच प्रकार झाले आणि अमेरिकेत गर्भपातांची मोजणी करायलाही ती वापरली गेली. सगळ्यांत सोपा प्रकार असा. प्रश्न: "तुम्ही कधी गर्भपात केला आहे का?" प्रत्येकीने पदराआड नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, "हो" म्हणायचे. काटा पडला तर खरे सांगायचे. एखादी "हो" म्हणाली तर ते नाण्याचे की तिचे, कुणालाच कळत नाही. विचारणारीलाही नाही. पण हजार बायांना विचारले आणि ६०० "हो" आले, तर त्यांतले सुमारे ५०० नाण्याचे. उरलेले १०० हे काटा पडलेल्या ५०० जणींपैकी. म्हणजे पाचात एक. बाईचे गुपित तिच्याजवळ राहिले आणि गावाचे सत्य बाहेर आले. दहा-बारा बायांत हे चालत नाही, संख्या मोठी लागते. पण कागद सासूच्या हाती पडला तरी बाई सुरक्षित. याच विचाराला २००६ साली सिंथिया ड्वर्क या संशोधक बाईने सहकाऱ्यांसह पक्के गणिती रूप दिले, आणि अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध करताना ती पद्धत वापरली.

दुसरे कानगोष्टीच्या बेरजेचे. कंपनीत जाणाऱ्या पाच जणी गोल बसल्या. रोज किती मिळतो हे एकमेकींना सांगायची लाज, शिवाय ठेकेदाराने "कुणाला सांगायचं नाही" अशी तंबी दिलेली. पहिलीने मनात एक आकडा धरला, समजा ४,०००. त्यात आपला रोज मिळवून बेरीज दुसरीच्या कानात सांगितली. दुसरीने आपला मिळवून तिसरीला. असे करत पाचवीने पहिलीला सांगितले. पहिलीने मनातले ४,००० वजा केले आणि पाचाने भागले. सरासरी सगळ्यांना कळली, कुणाचा रोज कुणाला कळला नाही. दोघींच्या मध्ये बसलेलीला फसवायचे तर दोन्ही बाजूच्या दोघींना संगनमत करावे लागेल. तेवढा धोका उरतो, तोही सांगून ठेवलेला बरा. बेरीज झाल्यावर एक जण म्हणाली, "म्हंजी मला समद्यात कमी हाये." तिला तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला.

बोस्टन शहरात हेच मोठ्या प्रमाणावर झाले आहे. तिथल्या महिला कामगार परिषदेला बायका-पुरुषांच्या पगारातली तफावत मोजायची होती. कोणतीही कंपनी आपली पगारपत्रके दाखवायला तयार नव्हती. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या कानगोष्टीसारखी संगणकी पद्धत तयार केली. २०१६ च्या अहवालात ६९ आस्थापनांच्या एक लाखावर कर्मचाऱ्यांच्या पगाराची बेरीज-तुलना झाली, आणि एकाही कंपनीचे पत्रक कुणी पाहिले नाही. हे तंत्र स्त्रियांच्या प्रश्नासाठी वापरले गेले, हे मुद्दाम लक्षात ठेवा. दवाखान्यांसाठीही तसा मार्ग आहे: नोंदी दवाखान्यातच राहतात, प्रश्न तिथे जातो, आणि फक्त उत्तराचा आकडा बाहेर येतो. संशोधकाच्या हाती बायांची यादी पडतच नाही.

मैत्रिणींनो, तंत्र आहे. मग अडते कुठे? किल्लीवर.

या सगळ्या व्यवस्थांत किल्ली म्हणजे बहुतेक वेळा मोबाईलवर येणारा ओटीपी. सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही, जे सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे, आरोग्य-खाते आणि त्यातली संमती मोबाईलवरूनच चालते. आणि मोबाईल कुणाचा? बैठकीला आलेल्या बायांत निम्म्याहून अधिक जणींच्या आधारला मुलाचा, नाहीतर नवऱ्याचा नंबर जोडलेला होता. म्हणजे कागदावर संमती बाईची आणि प्रत्यक्षात किल्ली घरधन्याच्या खिशात. नवरा मारतो म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईची नोंद उघडण्याचा ओटीपी त्याच नवऱ्याच्या फोनवर वाजणार. जगातली सगळी गणिते पक्की असली तरी हे कुलूप कुचकामी आहे.

त्यावरही उपाय निघू शकतो. किल्लीचे तुकडे करता येतात. अदी शमीर या गणितज्ञाने १९७९ साली दाखवले की किल्लीचे पाच भाग करून पाच जणांकडे द्यावेत, कोणतेही तीन एकत्र आले तरच पेटी उघडेल, एक-दोन हरवले तरी बिघडत नाही. आपल्याला यात नवे काय? पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, बँकेत दोघींच्या सह्या, हे आपले गट कितीतरी वर्षे करत आहेत. तुकडे कुणाकडे असावेत हे मात्र त्या बाईने ठरवायचे. ती म्हणेल मैत्रिणीकडे, आशाताईकडे, गटाच्या अध्यक्षेकडे. सरपंचाकडे हवाच असे तिच्यावर लादायचे नाही.

आशाताईंचे नाव निघाले म्हणून सांगतो. ही माहिती दारोदार फिरून गोळा करणारीही बाईच असते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाईल सरकारला परत केले. मराठी नसलेले ॲप वापरायची सक्ती हीसुद्धा त्यांची तक्रार होती. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थी आईचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखणे सक्तीचे झाले. चेहरा जुळला नाही तर उपाशी बाई भांडते ती सेविकेशी. यंत्रणा आखताना तिला कुणी विचारले नव्हते. माहिती देणारी आणि घेणारी या दोघींना समोरासमोर उभे करू पाहणाऱ्या व्यवस्थेत दोघींनी एका बाजूला उभे राहायला हवे.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने बाईचे नाव उघड करण्याला शिक्षा ठेवली. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात आपल्या कामाचे बरेच आहे: संमती मोकळेपणाने दिलेली आणि ठरावीक कारणापुरती हवी, सूचना मराठीत मागण्याचा हक्क आहे, संमती मागे घेता येते, माहिती पुसून मागता येते. पण याच कायद्याने संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला सूट दिली आहे. त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घेतला नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळली, की कायदा लागू नाही. म्हणजे करमाडच्या बाईच्या प्रश्नापाशी येऊन कायदा बाजूला होतो. उरतात नीतिनियम आणि संस्थांच्या नीतिसमित्या. त्या समित्यांत गावातली बाई कितीदा दिसते?

म्हणून आमची मागणी आहे की संशोधनाची सूट ठेवायची तर तिच्याबरोबर वर सांगितलेली तंत्रे बंधनकारक करा. नावे काढली एवढ्यावर भागवू नका. छोट्या वस्त्यांचे तपशील उघड होणार नाहीत अशी मोजणीची पद्धत वापरा. नोंद कोणी उघडली याची पुसता न येणारी वही ठेवा आणि ती बाईला मराठीत वाचून दाखवा. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष आधी त्या गावात सांगा, मग परिषदेत. आणि किल्लीचा एक तुकडा तरी तिच्या हातात द्या.

तोवर आपण काय करायचे? पाहणी पथक दाराशी आले की हे प्रश्न विचारायचे, आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यायची. हा अभ्यास कुणाचा, पैसा कुणाचा? नीतिसमितीची मंजुरी दाखवता का? माझी माहिती आणि रक्त कुठे, किती वर्षे राहील? दुसऱ्या कामाला वापरायचे झाले तर पुन्हा विचारायला याल का? मी नको म्हटले तर काय पुसाल आणि काय पुसता येणार नाही? आमच्या वस्तीचे आकडे छापताना मला कुणी ओळखणार नाही, हे कसे पाहाल? निष्कर्ष सांगायला कधी येता? संमतीपत्राची प्रत मागायची. "नाही" म्हटल्यास गोळ्या-औषध बंद होणार नाही ना, हेही विचारायचे. प्रामाणिक संशोधकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

दुसऱ्या बैठकीच्या शेवटी आम्ही त्या बाईला विचारले, पुन्हा पथक आले तर माहिती देणार का? ती म्हणाली, "दीन की. माझ्यावानी दुसऱ्या बाईची पिशवी फुकट जाऊ नये, एवढ्यासाठी दीन. पर आधी इचारीन."

शास्त्र पुढे जावे असे तिलाही वाटते. तिला फक्त विचारले जायला हवे आहे. तुमच्या गावात, वस्तीत अशी पाहणी झाली असेल तर काय विचारले, काय सांगितले, निष्कर्ष परत आले का, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. नावे लिहू नका. आणि हो, वस्तीचे नावही लिहू नका.

– संपादक मंडळ